धार आणि तोल

पावसाळ्यात बागेतली हिरवळ भराभर वाढते आणि गवत कापायचं यंत्र घरघरू लागतं. कापणीनंतर दोन दिवसांनी ती हिरवळ जवळून पाहा. गवताची टोकं पिंजल्यासारखी, तपकिरी दिसली, तर समजावं की यंत्राचं पातं बोथट झालंय. ते कापत नाही, ओरबाडतं.

धार लावायची तर आधी प्लगची वायर काढून पातं उतरवायचं. ग्राइंडरवर हात हलतो, म्हणून पातं साधारण 30 अंशांच्या कोनात पक्कं धरणारा साचा वापरतात. घाईने जोर दिला, की पोलाद तापून निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. म्हणून थोडं घासायचं, निवू द्यायचं, पुन्हा घासायचं. शेवटी पातं मधल्या छिद्रातून खिळ्याला अडकवायचं. जी बाजू झुकेल ती जड. तिथलं लोखंड आणखी थोडं उतरवायचं. हे टाळलं, तर यंत्र थरथरतं आणि बेअरिंगची वाट लागते.

आपल्या बोलण्याचंही असंच आहे. कुणाला चूक दाखवायची असेल, तर मुद्दा नेमका हवा, डोकं थंड हवं आणि दोन्ही बाजू तोलून पाहायला हव्यात. नेमक्या कापलेल्या गवताला लवकर नवी पालवी येते. ओरबाडलेलं मात्र रेंगाळतं. आज कुणाला खडे बोल सुनावायचे असतील, तर आधी एवढं जरूर तपासून घ्या.