पाळी

वर्धा जिल्ह्यांतील केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रानगरी, अशी तिकडे परंपरागत समजूत आहे. तेथील गणपतीच्या टेकडीवर उभें असतां आम्हांस बकासुरापेक्षां नगरवासीयांचेंच नवल अधिक वाटलें. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते नेणारा माणूस हें बकाचें ठरलेलें ‘वेतन’. मोबदल्यांत तो परचक्रापासून नगराचें रक्षण करी. एका घराची पाळी कित्येक वर्षांनीं येई. म्हणून त्या अन्यायास व्यवस्थेचें रूप आलें.

बरोबर आमचा एक जुना विद्यार्थी होता. तो एका जाहिरात-एजन्सींत आहे. तेथें रात्रीं उशिरापर्यंत काम, आणि रोज कोणा एकाची सर्वांदेखत अवहेलना.

“त्या वेळीं तुम्ही बाकीचे काय करतां?” आम्ही विचारलें.

“मान खालीं घालतों, सर. आज आपली पाळी नाहीं, एवढेंच बरें वाटतें.”

नोकरी सोड, असें घरीं पैसे पाठविणाऱ्या मुलास सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. शिवाय एक गेला कीं पाळी दुसऱ्यावर येतेच. भीम घरोघरीं जन्मत नाहीं, हेंही खरें. पण रविवारची सुटी कोणा भीमानें मिळविली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी-कामगारांस एकत्र आणलें. १८९० सालीं ती मिळाली.

बकाचें खरें बळ दाढांत नव्हतें. आज पाळी शेजाऱ्याची आहे, या समाधानांत होतें. शेजारचें रडणें ऐकून उठणारी कुंती तर त्या गांवांत पाहुणीच होती.