फ्रीबोर्ड आणि श्रद्धेचा अधिकार

पुरेसा पुरावा नसताना एखादी गोष्ट खरी मानणे ही केवळ बुद्धीची चूक आहे, की तो नैतिक अपराधही ठरतो, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड यांनी तो जहाजाच्या उदाहरणावरून मांडला आणि त्याच काळात ब्रिटिश संसदेत जहाजांच्या मापांवरून मोठा झगडा चालू होता. जहाजाचा मालक काठावर राहून जो विश्वास बाळगतो, त्याची परीक्षा भर समुद्रात होते आणि तिची किंमत जहाजावर चढलेली माणसे मोजतात. त्यामुळे जहाजाची मापे हा तांत्रिक विषय दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी विश्वासाच्या अधिकाराचा प्रश्न आहे.

जहाजाची लांबी नाळेपासून पिछाडीपर्यंत मोजतात आणि त्याच्या सर्वाधिक रुंदीला बीम म्हणतात. पाण्याच्या पातळीपासून खाली तळाच्या कण्यापर्यंतची खोली म्हणजे डूब, तर त्याच पातळीपासून वर डेकपर्यंत उरलेली कोरडी उंची म्हणजे फ्रीबोर्ड. तरंगणारे जहाज स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, त्या वजनाला विस्थापन म्हणतात; नोंदणीपत्रातले टनेज मात्र वजन नसून बंदिस्त जागेचे माप असते, आणि 1854 च्या ब्रिटिश कायद्याने 100 घनफूट जागेला एक नोंदणी टन मानले होते. यांपैकी लांबी, बीम आणि टनेज बांधणीबरोबर निश्चित होतात, पण डूब आणि फ्रीबोर्ड प्रत्येक फेरीला बदलतात. त्या दोहोंची बेरीज कायम असल्यामुळे नफ्यासाठी चढवलेला प्रत्येक जादा टन फ्रीबोर्डमधून वजा होतो.

ही कोरडी उंची जहाजाला पुन्हा उभे करणाऱ्या शक्तीचा साठा असते. जहाज एका अंगाला कलले की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, पाण्याच्या उचलणाऱ्या बलाचे केंद्र त्या बाजूला सरकते आणि जहाजाला सरळ करू लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बुगेर यांनी 1746 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संतुलनाचे गणित मांडले. परंतु डेकची कड एकदा पाण्याखाली गेली की सावरणाऱ्या बलाची वाढ मंदावते आणि काही अंशांनंतर ते घटू लागते. म्हणून रुंद पण बुटक्या काठाचे जहाज लहान कलात अत्यंत स्थिर वाटते आणि मोठ्या कलात अचानक उलटते. लहान कलातली स्थिरता मोठ्या कलातल्या स्थिरतेची ग्वाही देत नाही.

ब्रिटिश नौदलाच्या ‘कॅप्टन’ या युद्धनौकेने हे सत्य भयंकर रीतीने सिद्ध केले. फिरत्या तोफघुमटांचे पुरस्कर्ते काउपर कोल्स यांच्या आग्रहाने ती बांधली गेली. आराखड्यात तिचे फ्रीबोर्ड 8 फूट होते, पण बांधणीत वजन वाढत गेल्याने ते सुमारे साडेसहा फूटच उरले आणि त्यावर उंच डोलकाठ्यांचा व शिडांचा पूर्ण भार होता. नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी धोक्याची सूचना दिली होती; तरीही वृत्तपत्रे, संसद आणि लोकमत कोल्स यांच्या बाजूने उभे राहिले. सुरुवातीच्या सफरी उत्तम पार पडल्याने हा विश्वास दृढ झाला. 1870 च्या सप्टेंबरात, 6 आणि 7 तारखेच्या मधल्या रात्री, स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात ती उलटली आणि सुमारे 480 माणसे बुडाली. तिची सावरण्याची शक्ती 21 अंशांच्या कलाला कमाल होऊन पुढे घटत होती, तर सोबतच्या सुमारे 14 फूट फ्रीबोर्डच्या ‘मोनार्क’ची 40 अंशांपर्यंत वाढत होती; मोनार्क त्याच वादळातून सुखरूप बाहेर आली. नौदलाच्या नियंत्रक विभागाच्या मताविरुद्ध, लोकमताला मान देऊन ही नौका बांधली गेली, असे नंतरच्या लष्करी न्यायालयाने नमूद केले. मृतांत स्वतः कोल्स होते, तसेच नौदलमंत्री ह्यू चिल्डर्स यांचा मुलगाही होता. विश्वास अप्रामाणिक नव्हता, हे त्यावरून दिसते. पण प्रामाणिकपणामुळे नौकेचा काठ एका इंचानेही उंच होत नाही, हेही त्यावरूनच दिसते.

क्लिफर्ड यांनी जहाजाचे उदाहरण असलेला आपला निबंध 1876 साली लंडनच्या मेटाफिजिकल सोसायटीत वाचला आणि तो 1877 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला जहाजमालक देशांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन एक जुने, वारंवार दुरुस्त केलेले जहाज पाठवायच्या बेतात असतो. त्याच्या मनात शंका येतात, पण हे जहाज आजवर अनेक वादळांतून परतले आहे आणि मायभूमी सोडणाऱ्या या कुटुंबांना विधाता सांभाळील, अशी समजूत घालून तो त्या शंका शमवतो. जहाज बुडते आणि त्याला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड यांच्या मते तो त्या मृत्यूंचा अपराधी आहे, कारण ज्या पुराव्यावर तो विसंबला त्यावर विसंबण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरी हा अपराध रतिमात्र कमी झाला नसता.

हे शेवटचे विधान भारतीय प्रमाणशास्त्रातल्या एका जुन्या वादाला येऊन भिडते. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक कारण पुढे येईपर्यंत ते खरे मानावे. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक मात्र ज्ञानाची सत्यता बाहेरून ठरते असे मानतात आणि त्यासाठी प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ होणे, ही कसोटी देतात. जहाजमालकाला मीमांसकांचा आधार मिळत नाही, कारण बाधक शंका त्याच्या मनात आलेली होती आणि ती त्याने तपासून नव्हे, तर दडपून दूर केली. नैयायिकांची कसोटीही इथे सावधपणे वापरावी लागते, कारण आधी सफळ झालेल्या फेऱ्या पुढच्या वादळाविषयी काहीच सिद्ध करत नाहीत, हे ‘कॅप्टन’ने दाखवून दिले.

न्यायशास्त्रातली दुसरी एक कल्पना इथे अधिक उपयोगी पडते. प्रवासी किंवा खलाशी स्वतः जहाजाचे गणित मांडू शकत नाही. त्याला दुसऱ्याच्या शब्दावर, म्हणजे शब्दप्रमाणावर, भिस्त ठेवावी लागते, आणि हा शब्द आप्ताचा असावा असे नैयायिक सांगतात. वात्स्यायनांच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू होते. जाणकारी आणि निर्लेपपणा या दोन्ही अटी त्यात आहेत. डर्बीचे खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी ज्यासाठी झुंज दिली ती भाररेषा, म्हणजे भरलेले जहाज कोठवर बुडू द्यावे ही खूण, हेच तत्त्व जहाजाच्या कुशीवर रंगवते. अतिभारित जहाजांत बुडणाऱ्या खलाश्यांची बाजू त्यांनी 1873 च्या आपल्या पुस्तकात मांडली आणि 1876 च्या कायद्याने जहाजावर भाररेषा सक्तीची झाली. परंतु ती कोठे आखायची हे मालकावरच सोपवले होते, म्हणजे जाणकारी मान्य करून निर्लेपपणा वगळला होता. ही उणीव 1890 च्या कायद्याने दूर केली आणि रेषेची जागा मालकाच्या इच्छेबाहेर गेली. आज भाररेषेच्या वर्तुळाकार खुणेशेजारी गोड्या पाण्यासाठी, उष्ण कटिबंधासाठी, उन्हाळ्यासाठी, हिवाळ्यासाठी आणि उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठी वेगवेगळ्या रेषा असतात, कारण गोड्या पाण्यात जहाज अधिक बुडते आणि खवळलेल्या समुद्रात अधिक कोरडी उंची लागते.

श्रद्धेच्या बाजूने सर्वांत समर्थ उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1896 साली दिले. काही प्रश्नांत पुरावा कधीच पुरेसा मिळत नाही आणि निर्णय टाळणे हाही एक निर्णय असतो. अशा वेळी माणसाला आपल्या अंतःकरणाच्या बळावर विश्वास ठेवण्याचा हक्क आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे उत्तर क्लिफर्ड यांना खोडून काढत नाही, तर त्यांच्या नियमाचे क्षेत्र ठरवते. ईश्वर आहे की नाही, जीवनाला अर्थ आहे की नाही, या प्रश्नांत धोका पत्करणारा आणि विश्वास ठेवणारा एकच असतो. जहाजाचा काठ किती उंच आहे, या प्रश्नाचे उत्तर फूटपट्टीने मिळते आणि त्याची किंमत इतरांच्या प्राणांनी मोजली जाते. तिथे जेम्स यांचा हक्क लागूच होत नाही.

विधात्यावर भार टाकणाऱ्या त्या मालकाला भाविक म्हणणेही कठीण आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैवाचा उल्लेख तिथे उरलेल्या चारांबरोबर येतो, त्यांच्याऐवजी नव्हे. स्वतःच्या वाट्याचे पहिले चार भाग न करता ते पाचव्यावर ढकलणे म्हणजे ईश्वराला शरण जाणे नसून आपले कर्तव्य त्याच्या नावे लिहून ठेवणे होय. उलट मापे नीट घेऊन निघालेला तांडेल वादळात हात जोडतो तेव्हा त्याच्या प्रार्थनेत लबाडी नसते, कारण मानवी प्रयत्नाची हद्द जिथे संपते तिथून ती सुरू झालेली असते.

आजाऱ्याचे औषध बंद करून अंगाऱ्यावर विसंबणारे आईवडील, शिष्यांच्या आयुष्याचे निर्णय घेणारा गुरू आणि पुलाच्या मजबुतीवर भरवसा ठेवणारा अधिकारी यांना हाच निकष लागू पडतो. स्वतःच्या जिवावर बेतणारी श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे आणि अनेक थोर जीवने त्याच स्वातंत्र्यावर उभी राहिली आहेत. पण जिथे दुसऱ्याचा जीव पणाला लागतो, तिथे विश्वास ठेवणाऱ्याने आपला विश्वास मोजून घेतला पाहिजे, आणि ते मोजण्याचे काम ज्याला उत्तरातून काही लाभ नाही अशा जाणकाराच्या हाती सोपवले पाहिजे.