सावलीची साक्ष

छायाचित्राच्या खरेखोटेपणाची चर्चा बहुधा काढून टाकण्याच्या वा सरकवण्याच्या कृतीभोवती फिरत आली आहे. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गीझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ आणले, तो वाद याच जातीचा. जे तेथे कधीच नव्हते ते छायाचित्रात आणून बसवणे आणि तेथल्याच उजेडाकडून त्याला मान्यता मिळवणे, ही कृती मात्र वेगळ्या नैतिक कोटीतली आहे.

पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्यक्ष स्थळी आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून त्याची छायाचित्रे घेतली जात. गोळ्यात चहूकडचा प्रकाश उमटे आणि त्या मोजमापाच्या आधारे संगणक कल्पित वस्तू उजळी. दृश्याचे गणित दोनदा होई, एकदा वस्तूसह आणि एकदा वस्तूविना. या दोहोंतला फरक तेवढा मूळ छायाचित्रात मिळवला जाई. वस्तूची सावली, जमिनीवर पडणारी तिच्या रंगाची झाक, हे सारे त्या वजाबाकीतून येते. इलिनॉय विद्यापीठातील केविन कार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यातला गोळाच काढून टाकला. वापरणाऱ्याने खोलीच्या कडा, पृष्ठभाग आणि दिवे वा खिडक्या रेखून दाखवाव्यात. प्रकाशाचा अदमास संगणक त्या एकाच छायाचित्रातून बांधतो. तांत्रिकदृष्ट्या ही सोय झाली. पण तिच्यामुळे स्थळी जाण्याची अट संपली, हे अधिक महत्त्वाचे. डेबेव्हेकच्या गोळ्याला निदान तेथे असावे लागत होते. आता कोणतेही जुने छायाचित्र, त्यातली माणसे हयात नसली तरी, नव्या वस्तूला खुले आहे.

सावलीला येथे इतके महत्त्व का? मराठीने या कलेला 'छायाचित्रण' म्हणून नकळत मर्मावर बोट ठेवले आहे. रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्राचे सार 'ते तेथे होते' या प्रतीतीत पाहिले. या प्रतीतीचा पाठीराखा उजेड असतो आणि त्याची सही म्हणजे सावली. नैयायिकांच्या भाषेत सावली हा वस्तूच्या अस्तित्वाचा हेतू ठरतो, जसा धूर अग्नीचा. वाफेला धूर समजणाऱ्याचा हेतू असिद्ध असतो, पण त्याची चूक डोळे चोळून दुरुस्त होते. गणिताने काढलेली सावली वाफेसारखी नाही. वस्तू तेथे असती तर जवळपास तशीच सावली पडली असती.

या 'असती तर'मध्येच प्रश्नाची गाठ आहे. मराठी व्याकरण क्रियापदाचे स्वार्थ आणि संकेतार्थ वेगळे मानते. छायाचित्राला जर-तर ठाऊक नाही. ते फक्त स्वार्थात बोलते. संगणकाने रचलेले वाक्य मात्र संकेतार्थी असते. दोनदा गणित करणाऱ्या यंत्रापाशी तो 'जर' शाबूत असतो. चित्र बाहेर पडताना तो गळतो. घर बांधू पाहणाऱ्यासमोर वास्तुविशारद असे चित्र ठेवतो तेव्हा त्या बैठकीतच 'जर' गृहीत असतो, म्हणून तेथे फसवणूक नाही. तेच चित्र न्यायालयात पुरावा म्हणून आले की खोटी साक्ष होते, एकही ठिपका न बदलता. आयकियाच्या उत्पादनचित्रांपैकी सुमारे ७५ टक्के चित्रे २०१४ पर्यंत संगणकनिर्मित झाली होती. ग्राहकाला त्यात अन्याय वाटला नसेल, कारण खुर्ची दुकानात खरोखर मिळत होती. कधीच नव्हती ती फक्त खोली.

रॉजर फेंटन यांच्या १८५५ सालच्या क्रिमियातील छायाचित्रांचा दाखला येथे दिला जाईल. एकात तोफगोळे रस्त्यावर आहेत, दुसऱ्यात नाहीत; ते मुद्दाम आणून मांडले असावेत, असा आक्षेप जुना आहे. तो खरा मानला तरी गोळ्यांनी त्या दिवशीचा सूर्य खरोखर अडवला होता. मांडणारा लबाड असेल, उजेड नव्हे. उजेडालाच साक्षीदार म्हणून पढवणे ही पुढची पायरी.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात ऐतिहासिक कादंबरी आठवेल. स्कॉटच्या 'वेव्हर्ली'त (१८१४) कल्पित नायक १७४५ च्या खऱ्या बंडात वावरतो आणि कोणी त्याला खोटेपणा म्हणत नाही. तेथे 'जर' साहित्यप्रकारानेच उच्चारलेला असतो. छायाचित्रापाशी असा प्रकारसंकेत नाही, आणि खाली छापलेली ओळ त्याचे काम करील ही आशा भाबडी आहे. ओळ चित्रापासून सहज सुटते.

अलीकडची, लेखी सूचनेवरून चित्र घडवणारी यंत्रे तर वस्तू बसवताना त्या जागेच्या प्रकाशाचे असे उघड गणितही मांडत नाहीत. असंख्य चित्रांत सावल्या जशा दिसत आल्या तशी ती सावली घालतात. कार्श यांच्या पद्धतीत सावली निदान त्या खोलीच्या खिडकीला बांधलेली होती. आता ती रूढीला बांधली जाते आणि अलंकारशास्त्रातल्या कविसंकेतासारखी वागू लागते: चकोर चांदणे पितो, वस्तूला सावली असते.