पहिलीच्या दारात तयार कोण हवं?

पहिलीत येणाऱ्या मुलाला सोपी वाक्यं वाचता आणि शंभरपर्यंत आकडे लिहिता आलेच पाहिजेत, येत नसतील तर त्याला आणखी एक वर्ष सिनियर केजीत बसवा. एका परिसंवादात एका संस्थाचालकांनी हे ठासून सांगितलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बोलणाऱ्यापेक्षा मला त्या टाळ्यांची जास्त चीड आली. वाचन शिकवणं हे पहिलीचं काम. ते मुलानं घरून करून यावं ही अपेक्षा आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

कायद्याला ती मान्य नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. घेतलीच तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. त्याच्याही आधी, १९९३मध्ये यशपाल समितीनं शिशुवर्गांच्या प्रवेशातल्या चाचण्या आणि मुलाखती बंद करायला सांगितल्या होत्या. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे वाचकांनी पुष्कळदा ऐकलं आहे. तिकडे जायचं कारण नाही, कारण या प्रश्नावरचं सर्वांत खोल काम आमच्याच जिल्ह्यात झालं आहे.

विरारहून डहाणूची लोकल धरली की त्या कामाच्या गावापाशी पोचता येतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या, दादरला त्यांचं शिशुविहार उभं होतं. शहरी मध्यमवर्गात नाव झालेलं असताना १९४५ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं बालवाडीत येईनात. त्यांच्या पालकांना बेफिकीर ठरवून हे दोघींना सोडून देता आलं असतं. त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, झोपडीपुढच्या अंगणात भरवली. आज देशभर ज्या नावाची केंद्रं चालतात त्या अंगणवाडीचं मूळ इथे आहे. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून शाळा बुडवते, हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्या व्यवस्थेला विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं आली. यात माँटेसरीबाईंशी प्रतारणा अजिबात नव्हती. त्यांचं पहिलं बालगृहसुद्धा १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत निघालं होतं. त्याच नावावर आज हजारोंची फी घेतली जाते, हे मला फार लागतं.

कोसबाडला प्रत्येक वेळी बदलली ती शाळा. मूल तयार नाही, असा निकाल तिथे कुणी दिला नाही.

आता फुलपाडा. विरार पूर्वेला, पापडखिंड धरणाच्या बाजूला चाळी आणि इमारतींची दाटी. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून इथे आलेली कुटुंबं, पहाटेची लोकल पकडणारे आईबाप, आजीकडे किंवा शेजारी राहणारी मुलं. कुणाच्या घरी मालवणी, कुणाच्या घरी आगरी, कुणाकडे भोजपुरी. यातल्या मुलाला तीन वर्षांचं असतानाच इंग्रजी केजीत घातलं जातं आणि पुढे त्याची तयारी जोखली जाते ती घरात कुणीच बोलत नसलेल्या भाषेत. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा इतक्या लहान मुलाला तिसरी भाषा झेपत नाही म्हणून महाराष्ट्र उठला. जूनअखेर निर्णय मागे घ्यावा लागला, ते योग्यच झालं. पण त्याच्या निम्म्या वयाच्या मुलावर केजीत जे लादलं जातं, त्याबद्दल आपण अवाक्षर काढत नाही.

इथवर मी मुलाकडून तयारीची अपेक्षाच नको, असं म्हणत आलो. पण ताराबाई मला इथे थांबवतात. पूर्वतयारीला महत्त्व नसतं, तर त्यांनी अर्धं आयुष्य बालवाडीत का घातलं? सहा वर्षांच्या मुलाला गोष्ट ऐकून सांगता यावी, रांगेत थांबता यावं, हातात खडू धरता यावा, अनोळखी बाईंजवळ न रडता बसता यावं, या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या आपोआप येत नाहीत. म्हणून २०२०च्या राष्ट्रीय धोरणानं तीन ते आठ वर्षांचा सलग पायाभूत टप्पा मानला, ते मला पटतं. पहिलीला सहा पूर्ण ही अटही पटते. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरची मुदत असल्यानं जूनमध्ये साडेपाच वर्षांचं मूल पहिलीत बसू शकतं, ते मात्र पटत नाही.

पण वयाची अट एकटी आली तर ती गरिबावरच पडते. पैसे असलेला पालक ते वर्ष विकत घेतो, फुलपाड्यातल्या घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाचं ते वर्ष रस्त्यावर जातं. त्याच्यासाठी अंगणवाडी आहे. तिथल्या सेविकेकडे पोषण आहार, वजनं, लसीकरण, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणं आहे, आणि उरलेल्या वेळात शिकवणं. तिला पगार नाही, मानधन मिळतं. त्यासाठीच डिसेंबर २०२३मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप दीड महिन्याहून जास्त चालला. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, पहिली शिक्षण विभागाकडे, आणि दोन्हींच्या मधलं मूल कुणाकडेच नाही.

२०२२मध्ये 'पहिले पाऊल' मोहिमेत जिल्हा परिषद शाळांनी शाळापूर्व तयारी मेळावे भरवले. टेबलं मांडून मुलांना उड्या मारायला, वस्तूंच्या जोड्या लावायला, चित्राविषयी बोलायला लावलं, आईच्या हाती घरी करायच्या कृती दिल्या. कुणाला नापास केलं नाही. मला हे कोसबाडच्या वळणाचं वाटतं. पण उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांनी तीन वर्षांची तूट भरत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं ११वं कलम तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकारला 'करता येईल' म्हणतं. तिथे 'करावीच लागेल' हवं. आणि वसई-विरारमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळा महापालिकेकडे सोपवण्याचा विषय वर्षानुवर्षं रेंगाळला आहे. तो निकाली निघेल तेव्हा शिक्षक, इमारती आणि जमिनींच्या यादीत प्रत्येक शाळेच्या आवारातला एक बालवर्गही लिहिलेला असावा, त्यासाठी प्रशिक्षित आणि नियमित पगाराची शिक्षिका असावी, आणि फुलपाड्यातल्या आईला मूल कामाच्या वेळेपर्यंत तिथे ठेवता यावं.