सिमेंट खातं
शेजारच्या प्लॉटवर मागच्या आठवड्यात स्लॅब टाकला. सकाळपासून मिक्सर घरघरत होता, घमेली हातोहात वर जात होती. दिवेलागणीला नळाशी एक बाई पाय धूत बसलेली दिसली. पावलांना प्लास्टिकच्या पिशव्या चढवून वर सुतळी बांधलेली. सुतळी सोडली, तर पिशवीत राखाडी पाणी साचलेलं. दुखतंय का, विचारलं. "नाही ताई, चुरचुरतंय नुसतं. सिमेंट खातं थोडं," म्हणाली आणि चपला घालून निघाली.

ओल्या सिमेंटची मला धास्ती वाटते ती याचसाठी. विस्तवाचा चटका बसला की हात आपोआप मागं येतो. सिमेंट तेवढीही सूचना देत नाही. पाणी पडलं की त्यात चुना तयार होतो आणि कालवलेल्या मालाचा सामू १२-१३ पर्यंत चढतो. आपल्या कातडीचा असतो साडेपाचच्या आसपास. हा क्षार कातडीतला ओशटपणा विरघळवत आत उतरत जातो. गमबुटात, पिशवीत शिरलेला माल तासन्‌तास तसाच राहतो. फोड उठतात ते घरी गेल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी. तेव्हाच बूट-कपडे काढून निदान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली पाय धरले असते, तर पुष्कळ वाचलं असतं. पण स्लॅब चालू असताना वीस मिनिटं नळाखाली बसू कोण देतं?

कामामुळे आणि कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मालकानं द्यायची, हे आपल्याकडं १९२३ पासून कायद्यात आहे. आता ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलं. मजूर ठेकेदाराचा असला तरी काम करवून घेणाऱ्या मूळ मालकाकडं भरपाई मागता येते. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर वर व्याज. हा कायदा मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच तो इथं मजुराच्या हाती लागत नाही याचं वाईट वाटतं. नळाशी बसलेली ती बाई कामावर असताना दुखलंय म्हणालीच नव्हती. जखम उघडली असेल ती रात्री झोपडीत. मुकादमानं पाहिली नाही, अपघाताची नोंद झाली नाही. 'घरीच काहीतरी सांडलं असेल' म्हटलं, की पुढं बोलायचं काय? त्यातून तीन दिवसांहून अधिक काळ काम करता येत नसेल तरच हक्क लागतो. हातावर पोट असलेलं माणूस तिसऱ्या दिवशी पायाला फडकं गुंडाळून नाक्यावर हजर असतं.

ती बाई पुढं दोन दिवस दिसली नाही. राहवेना, म्हणून मुकादमाकडं चौकशी केली. त्यानं हजेरीची वही काढली, बोट फिरवत तिच्या नावाशी आला आणि वही माझ्याकडं वळवली. नावापुढं दोन खाडे मांडले होते.