अढळ कोणास म्हणावें?

आकाशांतील एका ताऱ्यास आपण ‘अढळ’ हें विशेषण लावितों. तो तारा ध्रुव होय. पुण्याच्या परिसरांतून पाहिलें असतां तो उत्तर क्षितिजापासून सुमारें १८ ते १९ अंश उंच दिसतो. इतर तारे त्याच्याभोंवतीं फिरतात व तो मात्र जागचा हालत नाहीं, असें डोळ्यांस वाटतें. परंतु हें विशेषण त्यास खरोखर शोभतें काय?

ज्योतिःशास्त्र सांगतें कीं, फिरते ती पृथ्वी. तिचा आंस उत्तरेस ज्या बिंदूकडे रोखलेला आहे, त्यापासून ध्रुव एका अंशाहूनहि कमी अंतरावर आहे. म्हणून त्याचें फिरणें आपल्या ध्यानांत येत नाहीं. शिवाय हा आंस डुलत्या भोंवऱ्याप्रमाणें सुमारें २६,००० वर्षांत एक फेरा करितो. सुमारें ४,८०० वर्षांपूर्वीं ध्रुवाचा मान कालेय तारकापुंजांतील थुबान नांवाच्या ताऱ्याकडे होता. ज्यांस आपण स्थिर तारे म्हणतों, तेहि स्थिर नाहींत. सन १७१८ मध्यें एडमंड हॅली यानें प्राचीन ग्रीक नोंदींशीं ताडून पाहिलें, तेव्हां व्याध, स्वाती व रोहिणी हे आपल्या जुन्या जागेवरून सरकलेले आढळले.

तर मग ध्रुवास अढळ म्हणणें असत्य आहे काय? नाहीं. रात्रीं वाट चुकलेल्या पांथस्थास उत्तर दिशा हवी असते, आणि त्या कामीं ध्रुव त्यास फसवीत नाहीं. ज्याच्याकडे पाहून दुसऱ्यास दिशा सांपडते तो अढळ, हाच ह्या शब्दाचा खरा अर्थ होय.

प्रिय वाचकहो, हाच अर्थ मनुष्यास लावून पाहा. एका पंचानें शेताच्या बांधाविषयीं निवाडा दिला. पुढें मोजणीचा जुना नकाशा सांपडला व निवाडा चुकल्याचें उघड झालें. तरी तो म्हणतो, “माझा शब्द अढळ आहे,” आणि गरिबाची जमीन जाते. हा अढळपणा नव्हे, हट्ट होय. त्याचा शब्द जागेवर राहिला खरा, पण त्याकडे पाहून न्यायाची दिशा कोणास सांपडणार?

कोणी म्हणेल, मग सोयीप्रमाणें शब्द फिरविणाऱ्यासहि ही पळवाट मिळेल. तसें नाहीं. चूक कळल्यावर निवाडा फिरविणारा पंच स्वतः कमीपणा सोसतो. सोयीनें शब्द फिरविणारा दुसऱ्यास नुकसान सोसावयास लावितो. शब्द दोघांचाहि हालतो, परंतु न्यायाकडे तोंड एकाचेंच राहतें. ‘अढळ’ हें विशेषण त्या एकासच द्यावें.