एकच निरोप

मिरजेतल्या सतारमेकरांच्या गल्लीत एका चाचांचं दुकान आहे. भीमाकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारे मोठे भोपळे त्यांच्याकडे येतात, चांगले खडखडीत वाळतात आणि मग त्यांचे तंबोरे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पुतण्याने हट्टच धरला, की आता माल मोबाइलवरून विकायचा. चाचांनी होकार दिला, पण अटी घातल्या. प्रत्येक वाद्य बांधताना त्याचा व्हिडिओ काढायचा, आणि तारांखालच्या घोडीच्या पोटाला पेन्सिलीने नंबर घालायचा. आपलं वाद्य जगात कुठेही गेलं तरी आपल्याला ओळखता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवातीचे तंबोरे सुखरूप पोहोचले. मग एक दिवस एका मोठ्या शहरातून संदेश आला. ‘भोपळा फुटून आला आहे. निम्मे पैसे परत करा, दुरुस्ती मी इथेच करून घेतो.’ सोबत एकच फोटो.

पुतण्याने तो मोठा करून चाचांपुढे धरला. वाळलेला भोपळा नुकता फुटला की नारळाच्या करवंटीसारखी खरबरीत कड निघते आणि आतला भाग फिकट, कोरा दिसतो. या फोटोतली कड काळवंडली होती. फटीत धूळ बसली होती, आणि एका जागी तर पॉलिशचा ओघळ आत उतरून वाळला होता. घोडी फोटोत कुठेच नव्हती.

“चाचा, हा माणूस चोर आहे,” पुतण्या म्हणाला. “घरातलं जुनं मोडकं वाद्य दाखवतोय आपल्याला. लिहितो सरळ, पोलिसांत जातो म्हणून.”

“असलं काही लिहू नकोस. मलाही तेच वाटतंय. पण नुसतं वाटतंय. माझ्यापुढे वाद्य कुठे आहे? फोटो आहे.”

मग चाचांनी निरोप सांगितला आणि पुतण्याने तो नाइलाजाने टाइप केला. ‘तंबोरा मोडून पोहोचला असेल तर आम्हाला वाईट वाटतं. आहे तसा, फुटलेल्या तुकड्यांसकट आणि घोडीसकट परत पाठवा. न्यायला माणूस आम्ही पाठवतो, भाडं आमचं. वाद्य हातात आलं, पाहिलं, की पूर्ण पैसे परत करू. पैसे नको असतील तर दुरुस्त करून पाठवू, त्याचेही पैसे घेणार नाही.’

सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. चाचांनी ते वाचलेले नव्हते, तरी त्यांचा निरोप त्यात चपखल बसत होता. निम्मे पैसे द्या आणि वस्तूही माझ्याकडेच राहू द्या, ही मागणी ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाने नीट ओळखून ठेवावी. ती करणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही. पण कटकट नको म्हणून विकणारा पटकन पैसे देऊन मोकळा होतो, आणि लबाड माणूस नेमका त्याच कंटाळ्यावर जगतो.

ग्राहकाचं उत्तर आलं. परत पाठवायला वेळ नाही, निम्मे द्या. नाहीतर चाळीस टक्के तरी द्या. शेवटी धमकी आली, की दुकानाची बदनामी करीन. चाचांनी प्रत्येक वेळी तोच निरोप पाठवायला लावला. त्यात ना खोटेपणाचा आरोप, ना एक चढा शब्द. कुरिअरचा माणूस दोनदा त्या दारावरून हात हलवत परतला. ग्राहकाने दुकानाला एक तारा दिला आणि तो गप्प झाला. त्या ताऱ्याखालीही चाचांनी तोच निरोप लिहायला सांगितला.

पुतण्या मात्र यातून भलतंच शिकला. काही आठवड्यांनी वर्ध्याच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंचा संदेश आला, की तंबोरा नीट बोलत नाही, गळ्यापाशी चीर दिसते आहे. माल पोहोचून आठ दिवस झाले होते. खोका त्यांनी रद्दीत दिला होता, उघडतानाचा व्हिडिओ काढला नव्हता, आणि फोटो तर इतका हललेला, की चीर आहे की सावली तेच कळेना.

“ही तर त्याच्याही पुढची,” पुतण्या म्हणाला. “आठ दिवस झोपली होती का? व्हिडिओ नाही तर पैसे नाहीत, असं कळवतो.”

“त्या माणसाला काय लिहिलं होतंस?”

“तो निराळा होता, चाचा.”

“तेच लिही. एक अक्षर बदलू नकोस.”

तासाभरात बाईंचं उत्तर आलं. ‘माणूस कधी येईल? उद्या दुपारी माझा वर्ग असतो, सकाळी आला तर बरं. पैसे नकोत, तंबोराच नीट करून द्या.’

चार दिवसांनी वाद्य दुकानात आलं. चाचांनी आधी घोडी उलटी करून नंबर पाहिला. त्यांचाच होता. मग बोटाच्या नखाने गळ्याचा सांधा चाचपला. दांडी आणि भोपळा जिथे जुळतात तिथे केसाएवढी फट होती, आणि तिची कड कोरी, फिकट. पहिले काही दिवस ती उघड्या डोळ्यांना दिसलीही नसती. सुरात लावून रोज वाजवल्यावर ताणाने ती हळूहळू उघडली होती.

“बांधतानाचा व्हिडिओ लाव,” चाचा म्हणाले.

व्हिडिओत पुतण्याचे हात दिसत होते. कापड गुंडाळलं, पेंढा भरला, खोका टेपने चिकटवला. चारही तारा ताणलेल्या, खुंट्या जागच्या जागी, घोडी तबलीवर तशीच उभी. पाठवण्याआधी तारा उतरवायच्या आणि घोडी काढून वेगळी बांधायची, हे या गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी कुरिअरची गाडी दारात उभी होती आणि पुतण्याला घाई झाली होती. ताणलेल्या तारांसकट वाटेत एक धक्का पुरेसा झाला असणार.

पुतण्याने तेवढाच तुकडा पुन्हा लावून पाहिला. मग त्याने स्वतः बाईंना फोन केला. “बाई, चूक आमच्याकडून झाली. तारा न उतरवता मी तंबोरा बांधला. खरं म्हणजे मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता, माफ करा.”

सांधा उघडून पुन्हा बसवायला, पॉलिशला आणि नव्याने जवारी काढायला पंधरा दिवस लागले. दुरुस्तीचा आणि जाण्यायेण्याचा सगळा खर्च दुकानाने सोसला. मोठ्या शहरातल्या त्या ग्राहकाकडून तंबोरा अजून परत आलेला नाही आणि त्याला एक रुपयाही गेलेला नाही, पण दुकानाचा निरोप त्याच्यासाठी आजही तसाच खुला आहे.